शेवटचा कॉलम दुसऱ्या पानावर जातो: एक्सेल शीट प्रिंटला देण्याआधी काय तपासावे

देवस्थानाच्या महाजनांची (सभासदांची) यादी, चवथीच्या वर्गणीचा हिशेब, पतसंस्थेच्या ठेवींचा तक्ता, शाळेचा निकाल. पडद्यावर सगळे जागच्या जागी दिसते आणि कागदावर आले की बिघडते. बिघाडाचे प्रकार ठरलेले आहेत:

- "सही" किंवा "शेरा" हा शेवटचा कॉलम एकटाच वेगळ्या पानावर येतो.
- यादी दहा पानांची, पण शीर्षकाची ओळ फक्त पहिल्या पानावर.
- मजकुराची तीन पाने आणि त्यामागून कोरी पाने.
- सगळे एका पानावर आले, पण अक्षर मुंगीएवढे.
- पडद्यावर रक्कम दिसते, कागदावर तिच्या जागी #### येते.
- मराठी मजकुराचे उकार किंवा रफार कापले जातात. दोन ओळींच्या पत्त्यातली खालची ओळ अर्धीच उमटते.
- पडद्यावरच्या चौकटीच्या रेषा कागदावर येत नाहीत.
- घरच्या कॉम्प्युटरवर नीट असलेली फाइल झेरॉक्सच्या दुकानात भलतीच दिसते.
- प्रिंट दिली की प्रिंटरचा नारिंगी दिवा लुकलुकत राहतो आणि कागद ओढला जात नाही.

आधी एक गोष्ट पाहून घ्या. त्याच प्रिंटरवर दुसरी कोणतीही पीडीएफ किंवा वर्डचे एक पान काढा. ते नीट आले तर प्रिंटर ठीक आहे आणि दोष शीटच्या मांडणीत आहे. वरच्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या दुसऱ्या गटात मोडतात. त्यामुळे टोनर बदलणे, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकणे असली कामे लगेच सुरू करू नका. पुढची तपासणी फुकट होणाऱ्या गोष्टींपासून सुरू होते, त्याच क्रमाने चला.

कागद खर्च करण्याआधी

कंट्रोल + पी दाबा आणि उजवीकडचे चित्र खरोखर पाहा. खाली "1 ऑफ 6" असे काही लिहिलेले असते. तुमच्या अंदाजाने दोन पाने व्हायला हवीत आणि तिथे सहा दिसत असतील, तर तिथेच थांबा. बाणाने एकेक पान पुढे नेऊन पाहा: जास्तीची पाने कोरी आहेत की त्यांवर एकच कॉलम लोंबतोय? कोरी असतील तर प्रिंट एरियाची, म्हणजे छापायच्या भागाची, अडचण आहे, एकच कॉलम असेल तर रुंदीची. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

याच वेळी मजकुरावरूनही नजर फिरवा. एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन नोंदीच्या) उताऱ्यांवरून सर्व्हे क्रमांकांची यादी केली असेल तर हे विशेष जपून पाहा. सर्व्हे 12, पोटविभाग 3 म्हणून "12/3" टाइप केले की एक्सेल त्याची 12 मार्च ही तारीख करून टाकते. नंतर त्या सेलचा प्रकार "टेक्स्ट" केला तरी मूळ क्रमांक परत येत नाही. 2025 साली टाइप केलेला असेल तर तिथे 45728 असा आकडा उभा राहतो, कारण एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे दिवसांची मोजणी असते. कॉलम आधी "टेक्स्ट" करायचा आणि मग क्रमांक पुन्हा टाइप करायचा, हाच खात्रीचा इलाज. जमिनीच्या कागदात अशी चूक छापून गेली की ती निस्तरणे फार जड जाते.

कागदाचा आकार तीन ठिकाणी

ए-फोर कागद 210 × 297 मि.मी. असतो. अमेरिकेत चालणारा लेटर आकार 215.9 × 279.4 मि.मी. म्हणजे लेटर जवळजवळ 6 मि.मी. रुंद आणि साडेसतरा मि.मी. आखूड. आपल्याकडे दुकानात मिळतो तो ए-फोर, पण नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा बाहेरून आलेली फाइल पुष्कळदा लेटरवर लावलेली असते. मग उजवी कड कापली जाते, किंवा प्रिंटर लेटर कागदाची वाट पाहत दिवा लुकलुकवत बसतो. लोक त्याला "प्रिंटर अडकला" म्हणतात, पण बिचाऱ्या प्रिंटरचा काही दोष नसतो.

तिन्ही ठिकाणी ए-फोर आहे का ते बघा: एक्सेलमध्ये "पेज लेआउट"च्या "साइझ"मध्ये, विंडोजमधल्या प्रिंटरच्या "प्रिंटिंग प्रेफरन्सेस"मध्ये, आणि ट्रेमधल्या कागदाच्या पट्ट्यांत. काही प्रिंटरना स्वतःच्या छोट्या पडद्यावरही ट्रेचा आकार सांगावा लागतो. एकाही ठिकाणी वेगळे असेल तर पुढचे सगळे हिशेब चुकतात, म्हणून ही तपासणी इतक्या वर.

लीगल कागद 216 × 356 मि.मी. असतो. लांब यादीसाठी तो सोयीचा वाटतो, पण ए-फोरच्या फाइलमध्ये तो दुमडून लावावा लागतो. कचेरीत द्यायचा कागद असेल तर आधी विचारून घ्या.

कोरी पाने

कंट्रोल + एंड दाबा. कर्सर जिथे जाईल ती एक्सेलच्या मते तुमच्या शीटची शेवटची सेल. यादी ओळ 140 ला संपते आणि कर्सर ओळ 900 वर गेला, तर मधल्या जागेत पूर्वी काहीतरी होते: एखादी मोकळी स्पेस, चौकट किंवा रंग. नुसत्या डिलीट बटणाने मजकूर जातो, पण चौकट आणि रंग राहतात. त्या सगळ्या ओळी डावीकडच्या क्रमांकांवरून निवडा, उजवे क्लिक करून "डिलीट" करा आणि फाइल सेव्ह करा. सेव्ह केल्याशिवाय शेवटच्या सेलची जागा बदलेलच असे नाही.

कितीही ओळी काढल्या तरी कोरे पान येतेच असेल, तर खाली किंवा उजवीकडे एखादे चित्र, लोगो किंवा रिकामी टेक्स्ट बॉक्स पडलेली असते. "फाइंड अँड सिलेक्ट"मधला "सिलेक्शन पेन" उघडला की शीटवरच्या अशा सगळ्या वस्तूंची यादी दिसते.

घाई असेल तर प्रिंट एरिया ठरवून टाका: हवा तेवढा भाग निवडा, "पेज लेआउट", "प्रिंट एरिया", "सेट प्रिंट एरिया". पण याची एक खोड आहे. पुढच्या महिन्यात खाली नवी नावे टाकली की ती या चौकटीबाहेर राहतात आणि छापलीच जात नाहीत. वर्गणीच्या यादीतून शेवटच्या पाच घरांची नावे गळण्यामागे बहुधा हेच असते. यादी वाढती असेल तर प्रत्येक वेळी "क्लिअर प्रिंट एरिया" करून पुन्हा ठरवा.

चौकटीच्या फिकट रेषा पडद्यापुरत्याच असतात. कागदावर हव्या असतील तर "पेज लेआउट"मध्ये "ग्रिडलाइन्स"खाली "प्रिंट"वर खूण करा, किंवा सरळ बॉर्डर द्या. सह्यांच्या यादीला बॉर्डरच बरी. ग्रिडलाइन्स बारीक येतात आणि झेरॉक्सवर पुसट होतात.

शेवटचा कॉलम: खरी मेहनत इथे

बहुतेक जण इथे "फिट शीट ऑन वन पेज" निवडतात आणि अक्षर वाचता येत नाही म्हणून हैराण होतात. हा पर्याय लांबी आणि रुंदी दोन्ही एका पानात कोंबतो. 140 ओळींची यादी एका पानावर बसवायला अक्षर किती आक्रसावे लागेल याचा विचार करा. हवा असतो तो "फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज": रुंदी एका पानाची, लांबी हवी तेवढी. पेज सेटअपच्या खिडकीत हेच करायचे तर "फिट टू" निवडून रुंदीच्या घरात 1 लिहा आणि उंचीचे घर रिकामे सोडा.

तरीही हा उपाय शेवटी वापरायचा. आधी शीट स्वतःच पानाच्या मापाची करा. आकडे घेऊन पाहू. ए-फोर उभे धरले आणि "नॅरो" समास घेतले, म्हणजे डावी-उजवीकडे 0.64 सें.मी., तर मजकुराला 19.7 सें.मी. मिळतात. महाजनांच्या यादीचे कॉलम असे समजा: अनुक्रमांक 1.2, नाव 5.5, वांगड (कुळाचा गट) 2.5, पत्ता 5, फोन 2.8, वर्गणी 2 आणि सही 3 सें.मी. बेरीज 22. म्हणजे 2.3 सें.मी. जास्त, आणि म्हणून सहीचा कॉलम बरोब्बर दुसऱ्या पानावर पडतो. सही नावाशेजारी नसेल तर त्या यादीचा उपयोगच नाही.

आता पत्त्याला "रॅप टेक्स्ट" देऊन (मजकूर त्याच सेलमध्ये खालच्या ओळीवर वळतो) तो 3.5 करा, नाव 4.5 वर आणा. बेरीज 19.5. अक्षर तेवढेच राहिले आणि सगळे एका पानाच्या रुंदीत बसले. "व्ह्यू"मधल्या "पेज लेआउट" दृश्यात कॉलमची रुंदी सेंटिमीटरमध्ये दिसते, त्यामुळे अंदाज बांधत बसावे लागत नाही.

कागद फाइलला लावायचा असेल तर डावा समास 2 सें.मी. ठेवावा, नाहीतर पंचिंगचे भोक अनुक्रमांकातूनच जाईल. मग उरतात 18.4 सें.मी. इथे मात्र फिट टूचा आधार घ्यायला हरकत नाही. ते सगळे साधारण 94 टक्क्यांवर आणेल आणि डोळ्यांना फरक जाणवणारही नाही.

मराठीसाठी 75 टक्क्यांच्या खाली जाऊ नये. 11 पॉइंटचे अक्षर 75 टक्क्यांवर सव्वाआठ पॉइंटचे होते, 65 वर सातच्या आसपास येते, आणि तिथे "ष्ट", "द्ध", "क्ष" यांसारखी जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. यादी हाताळणारे बरेच जण वयस्कर असतात, हे ध्यानात ठेवा. टक्के 75 च्या खाली जात असतील तर पान आडवे करा. तेच नॅरो समास घेतले तर आडव्या ए-फोरवर 28.4 सें.मी. मिळतात. तरीही बसत नसेल तर त्या कामाला न लागणारे कॉलम हाइड करा, कारण लपवलेले कॉलम छापले जात नाहीत. सह्या घ्यायला फोन नंबर लागत नाही. तो नोटीस बोर्डावर लागणाऱ्या यादीत तर नसावाच.

"पेज ब्रेक प्रिव्ह्यू"मध्ये निळ्या रेषा दिसतात: तुटक रेषा एक्सेलने आखलेल्या, सलग रेषा कोणीतरी हाताने ओढलेल्या. फाइल अनेक हातांतून फिरलेली असेल तर जुन्या सलग रेषा मध्येच पान तोडतात. "रिसेट ऑल पेज ब्रेक्स" करा आणि नव्याने सुरुवात करा. निळी रेषा बाहेर ओढली की जास्त कॉलम पानात येतात खरे, पण एक्सेल गुपचूप टक्के कमी करते. शिवाय फिट टू चालू असताना हाताने आखलेले पेज ब्रेक मोजलेच जात नाहीत. प्रत्येक वाड्याची यादी नव्या पानावर हवी असेल तर फिट टू सोडून "ॲडजस्ट टू"मध्ये टक्के हाताने द्या.

प्रत्येक पानावर शीर्षक

"पेज लेआउट"मधल्या "प्रिंट टायटल्स"मध्ये जाऊन "रोज टू रिपीट ॲट टॉप"च्या घरात शीर्षकाच्या ओळी निवडा. पहिल्या तीन ओळी असतील तर तिथे $1:$3 असे दिसेल. प्रिंटच्या पडद्यावरून पेज सेटअप उघडले तर हेच घर फिकट दिसते आणि त्यात काही लिहिता येत नाही. फाइल बिघडलेली नसते, फक्त "पेज लेआउट" टॅबवरून जायचे असते. एकापेक्षा जास्त शीट निवडलेल्या असतानाही ते घर बंद राहते. खिडकीच्या वरच्या पट्टीत "ग्रुप" हा शब्द दिसत असेल तर आधी ग्रुप सोडा. नाहीतर एका शीटवर टाइप केलेली रक्कम त्याच सेलमध्ये सगळ्या शीटवर जाऊन बसते.

"फ्रीझ पेन्स"ने गोठवलेली ओळ आपोआप प्रत्येक पानावर येत नाही. एक्सेलमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फूटरमध्ये पान क्रमांक आणि एकूण पाने नक्की टाका. मामलेदार कार्यालयात जाणाऱ्या देवस्थानाच्या ताळेबंदातले एक पान मध्येच गळाले, तर ते पान क्रमांकावरूनच कळते.

रकमेच्या जागी ####

पडद्यावरचे अक्षर आणि प्रिंटरचे अक्षर यांच्या रुंदीत केसभर फरक असतो. कॉलम आकड्याला अगदी घट्ट बसवलेला असेल तर तेवढ्या फरकानेही आकडा मावत नाही. अर्धवट आकडा छापण्यापेक्षा एक्सेल #### छापते, आणि ते योग्यच आहे: 1,25,000 चे 25,000 झालेले कोणालाच परवडणार नाही. कॉलमच्या कडेवर दोनदा क्लिक करा, मग आणखी एका अक्षराएवढा रुंद करा. बेरजेची ओळ सर्वांत रुंद असते, तिच्यावरून माप घ्या. तारखेच्या कॉलममध्ये कितीही रुंदी दिली तरी #### राहत असेल तर तिथे वजाबाकीतून उणे तारीख आली आहे, सूत्र तपासा.

मराठी अक्षरे कापली जातात

एक्सेलची ओळ मुळात 15 पॉइंट उंच असते आणि ती 11 पॉइंट रोमन अक्षराच्या मापाची आहे. देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि ऋकार, अशी दोन्हीकडे जागा लागते. कोणीतरी उंची हाताने बांधून ठेवली असेल तर "कृष्ण"चा ऋकार आणि "सूर्या"चा रफार दोन्ही गेले. सगळी शीट निवडून ओळींच्या क्रमांकांमधल्या रेषेवर दोनदा क्लिक करा, उंची आपोआप जुळते. छापल्यावर तरीही कापत असेल तर दोन-तीन पॉइंट वाढवा.

मर्ज केलेल्या सेलमध्ये मात्र उंची आपोआप जुळत नाही. शीर्षकासाठी मर्ज करण्याऐवजी "फॉरमॅट सेल्स"च्या "अलाइनमेंट"मध्ये "सेंटर अक्रॉस सिलेक्शन" वापरा: दिसायला तसेच, आणि पुढे सॉर्ट करताना त्रास नाही.

श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमधली फाइल असेल तर तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. नवे काम निर्मला किंवा मंगलसारख्या युनिकोड फाँटमध्येच करा.

दुकानात भलतेच दिसते

एक्सेल पानांची मांडणी निवडलेल्या प्रिंटरच्या मापावर करते. प्रिंटर बदलला की पान तुटण्याची जागा सरकू शकते. त्यात झेरॉक्सवाल्याकडे वेगळे एक्सेल किंवा दुसरेच सॉफ्टवेअर असेल तर आणखी फरक. म्हणून म्हापशाच्या असो वा फोंड्याच्या, दुकानात एक्सेल फाइल पाठवू नका. घरीच "सेव्ह ॲज"मधून पीडीएफ करा, ती उघडून सगळी पाने पाहा आणि व्हॉट्सॲपवर तीच पाठवा. पीडीएफ करताना "ऑप्शन्स"मध्ये "इग्नोर प्रिंट एरियाज"वर खूण नाही ना, तेही बघा. छापताना दुकानदाराला "ॲक्च्युअल साइझ" आणि ए-फोर सांगा. कड कापली जात असेल तरच "फिट".

गूगल शीट्समध्ये हे सगळे प्रिंटच्या पडद्यावर उजवीकडे मिळते: "फिट टू विड्थ", समास, आणि "हेडर्स अँड फूटर्स"खाली "रिपीट फ्रोझन रोज". तिथे गोठवलेली ओळ प्रत्येक पानावर येऊ शकते. लिब्रेऑफिसमध्ये "फॉरमॅट"खालच्या "पेज स्टाइल"मध्ये "शीट" टॅबवर स्केलिंग आहे, आणि शीर्षकाच्या ओळी "प्रिंट रेंजेस"च्या "एडिट"मध्ये.

जून ते सप्टेंबर कागदाकडेही लक्ष द्या. दमट हवेत उघडा राहिलेला कागद वाकतो, दोन-दोन ओढला जातो आणि अडकतो. रीम प्लास्टिकच्या वेष्टनातच ठेवा, लागेल तेवढाच ट्रेमध्ये घाला.

इथे थांबा, माणूस बोलवा

प्रिंटरने स्वतः काढलेल्या टेस्ट पेजवरही पट्टे, डाग किंवा कापलेली कड येत असेल तर शीटमध्ये काही शोधू नका. ते काम प्रिंटर मेकॅनिकचे. अडकलेला कागद फाटून आत राहिला तर चिमटा किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (टोनर वितळवून कागदावर बसवणारा भाग) भाजण्याइतका गरम असतो आणि त्याच्या रोलरवर ओरखडा गेला की तो भागच बदलावा लागतो.

फाइल उघडताना दर वेळी दुरुस्तीचा संदेश येत असेल तर तिची प्रत काढून ठेवा आणि मूळ फाइलला हात लावू नका. प्रत्येक वेळी उघडल्यावर समास आणि टक्के आपोआप बदलत असतील तर आत बहुधा मॅक्रो (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) आहे. तो ज्याने लिहिला त्यालाच विचारा. शीट पासवर्डने बंद असेल आणि कॉलमची रुंदी बदलता येत नसेल तर पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच उघडून घ्या. हिशेब तपासनिसाने बंद केलेली शीट असेल तर तो बंद मुद्दाम घातलेला असतो. कचेरीतल्या सामाईक प्रिंटरवर सगळ्यांच्याच प्रिंट अडकून पडत असतील तर तो तिथला नेटवर्क सांभाळणाऱ्याचा विषय आहे.

मेकॅनिकला फोन करताना प्रिंटरचे पूर्ण मॉडेल, टेस्ट पेज कसे आले, आणि तीच पीडीएफ दुसऱ्या प्रिंटरवर नीट येते का, या तीन गोष्टी सांगा. त्यावरून सोबत कोणता भाग आणायचा ते त्याला ठरवता येते आणि दुसरी फेरी वाचते.